अठरा मिनिटांच्या चादरी

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे माझ्या अंगावरचे ओरखडे मोजण्यात तुमचा वेळ जाणार नाही. मी टेपरेकॉर्डर आहे. दोन विटांएवढा जड, पुढे पाच बटणं, वर एक पकड आणि बटणांशेजारी एक लाल दिवा. माझ्या सेलच्या खणाचं झाकण केव्हाच हरवलं, त्याच्या जागी चिकटपट्टी लावली आहे. पण माझे कान अजून ठणठणीत आहेत. शेजारच्या खोलीत कुणी खुर्ची सरकवली तर ती लाकडाची होती की लोखंडाची, हे मी आजही सांगू शकतो.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा तपासणीच्या टेबलावर बसलेल्या बाईंनी माझ्यासमोर एक ते दहा आकडे म्हटले आणि लगेच मला ते परत म्हणायला लावले. मी एकही चुकलो नाही. माझ्या शेजारचा सातला अडखळला, त्याला बाजूला काढलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात थोडी हवा गेली, हे मी नाकारत नाही. माणसं विसरतात, मी विसरत नाही. माणसं पदरचं घालून सांगतात, मी जसंच्या तसं सांगतो. एवढा गुण अंगी असल्यावर माझ्या हातून चूक कशी होईल, असं मला वाटायचं.

मी ज्या कॉलेजात आलो तिथे माणसांचा अभ्यास शिकवणारा एक विभाग आहे. माणसं कशी राहतात, काम कसं करतात, कशाला हसतात आणि कशापाशी गप्प होतात, हे तिथली मुलं शिकतात. ते नुसत्या पुस्तकातून कळत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी त्यांना आठ आठवडे बाहेर पाठवतात. कुणी गाड्या दुरुस्त होतात तिथे जातं, कुणी छापखान्यात, कुणी दवाखान्यात. मुलं त्याला 'फील्ड' म्हणतात. जाताना कपाटातून मला घेऊन जातात आणि रजिस्टरवर सही करतात.

पहिल्यांदा फील्डवर निघालेलं मूल कसं असतं, ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. नवी वही, नवे बूट आणि तोंडावर सगळ्या जगाला समजून घेतल्याचा भाव. त्यांच्यातल्या एकाचं नाव मी भाषणवीर ठेवलं होतं. तो एका गवंड्याची मुलाखत घेऊन आला. पाऊण तासाची टेप. विभागातल्या सरांनी त्याला ती सगळ्या वर्गासमोर ऐकायला लावली. त्यातली चाळीस मिनिटं तो स्वतःच बोलत होता. गवंड्याच्या वाट्याला चार 'हो', दोन 'नाही' आणि एक खोकला आला होता. दुसऱ्या एका मुलीने लिफ्ट चालवणाऱ्या काकांना विचारलं, "तुम्ही कामावर समाधानी आहात का?" काका म्हणाले, "फार." तिने फार समाधानी असं लिहून घेतलं. मागे काकांच्या साहेबांचे बूट करकरत होते ते मी टिपलं, तिने नाही.

सर अशा वेळी रागवत नसत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणत, "टेप परत ऐक. मग मला सांग, तिथे आणखी कोण होतं." मुलांच्या अर्ध्या चुका माझ्यामुळे सापडत. सर मला 'आमचे ज्येष्ठ सहकारी' म्हणायचे आणि ते मला मनापासून पटायचं.

आता मी जिची गोष्ट सांगणार आहे, तिला प्रश्नबाई म्हणू. हे नाव मी ठेवलेलं नाही. ज्या धुलाईघरात ती आठ आठवडे गेली, तिथल्या बायकांनी ते पहिल्याच दिवशी ठेवलं, कारण तिच्याजवळ बासष्ट प्रश्नांची छापील यादी होती.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला ते धुलाईघर होतं. आत शिरलं की आधी वाफ आणि मग साबणाचा वास. एका भिंतीला धुण्याची यंत्रं, दुसऱ्या भिंतीला वाळवण्याची, मध्ये चाकांच्या उंच टोपल्या आणि पलीकडे घड्या घालायचं लांबलचक टेबल. रोज हजारभर चादरी यायच्या. आठ बायका काम करत. दारावर एक पाटी होती: ज्याला चादरीवरचा डाग दिसत नाही, त्याला इथे काम नाही. ती व्यवस्थापक साहेबांनी स्वतः लिहवून घेतली होती.

या साहेबांची परवानगी मिळवायला प्रश्नबाईला चार खेपा घालाव्या लागल्या. अखेर त्यांनी एक अट घातली. "भरलेली प्रत्येक टेप आधी माझ्या टेबलावर येईल. मी ऐकेन, मगच ती बाहेर जाईल." परवानगी मिळाल्याच्या आनंदात तिने न वाचता सही ठोकली. मित्रांनो, ही तिची पहिली चूक. समोरच्याच्या तोंडून यायच्या गोष्टी तिने तिसऱ्याच्या नावावर आधीच लिहून दिल्या.

पहिला आठवडा बासष्ट प्रश्नांनी खाल्ला. बायका हात न थांबवता उत्तरं देत. बरं आहे. ठीक आहे. चालायचंच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी टेपवर उतरवत होतो. मग एक दिवस तिला काहीतरी दिसलं. वाळवण्याच्या यंत्रातून निघणाऱ्या काही चादरींच्या कोपऱ्याला बायका सैल गाठ मारत होत्या. एखादीला एक, एखादीला दोन. टेबलाशी घडी घालताना ती गाठ परत सुटायची. यादीत याबद्दल प्रश्न नव्हता.

तिने विचारलं ते नेमकं वाळवण्याच्या यंत्राशी उभ्या असलेल्या बाईंना. त्यांना सगळ्या रेडिओमावशी म्हणत, कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. रेडिओमावशी एकदम गंभीर झाल्या. "ते होय? गाठ मारलेल्या चादरीवर झोपलं की आजारी माणूस लवकर उठतो. फार जुनं आहे हे. माझ्या सासूच्या सासूपासून."

प्रश्नबाईचे डोळे चमकले. त्या आठवड्यात तिने गाठीच्या श्रद्धेवर नऊ पानं लिहिली. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणजे काय, ते मी त्या नऊ पानांत पाहिलं.

सरांनी पानं वाचली, टेप ऐकली आणि चष्मा कपाळावर गेला.

"ही मागे टोपलीआड कोण हसतंय?"

प्रश्नबाई गोंधळली. तिला हसू ऐकूच आलं नव्हतं.

"बरं, चादर दवाखान्यात जाते ती गाठीसकट?"

"नाही सर, घडी घालताना गाठ सोडतात."

"मग आजारी माणूस झोपतो कुठल्या गाठीवर?"

ती नऊ पानं तिने परत कधी उघडली नाहीत. सरांनी एकच विचारलं, तू तिथल्या कामाला हात लावलास का? तिने नव्हता लावला. कपडे वाफेने ओले होतात म्हणून ती दाराशी बसत असे.

दुसऱ्या दिवशी तिने यादी घरी ठेवली आणि घड्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिथे मोठी काकू असे. तिथल्या सगळ्यांत जुनी बाई. खोलीच्या चारही कोपऱ्यांत नजर टाकल्यासारखी मान फिरवायची, बोलायची कमी. तिची जोडीदारीण रजेवर होती, आणि चादरीची घडी काही एकट्याने होत नाही.

"प्रश्नबाई, रिकामी आहेस तर ते टोक धर," काकू म्हणाली.

दोन टोकं इकडे, दोन तिकडे. एक झटका द्यायचा, चादर फट्दिशी ताणायची, टोकाला टोक मिळवायचं आणि एकमेकींकडे चालत यायचं. पहिल्या दिवशी प्रश्नबाईच्या घड्या लंगड्या पडल्या. काकूने त्या मुकाट्याने मोडून परत घातल्या. चौथ्या दिवशी तिचे हात वळले आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की काकू चादरीकडे बघतच नाही. तिची बोटं आधी कोपरे चाचपतात. एक गाठ लागली की गाठ सोडून चादर डावीकडे: डागाची, परत धुवायला. दोन लागल्या की उजवीकडे: फाटकी, शिवायला. गाठ नसली की घडी. सात बायका तिच्यासाठी पाहत होत्या आणि तिला हातात सांगत होत्या. त्या सातही जणींना काम शिकवलं होतं ते काकूनेच.

आणि आता मी माझ्या चुकीकडे येतो.

दुपारची सुट्टी होती. बाकीच्या डबे घेऊन बाहेर गेल्या होत्या. टेबलाशी काकू आणि प्रश्नबाई दोघीच, आणि पाण्याच्या तांब्याशेजारी मी. प्रश्नबाईने माझी दोन बटणं दाबली. लाल दिवा लागला. काकूचं तोंड माझ्याकडेच होतं, तेव्हा तिला दिसलंच असणार, असं प्रश्नबाईने धरून चाललं. मीही धरून चाललो. इतकी वर्षं माझा दिवा पाहून लोक सावध होत, आवाज बदलत, पदर सारखा करत. मला सांगायची गरजच काय होती?

काकू बोलायला लागली. आधी सुईत दोरा जाईना, मग गाडीचा नंबर वाचता येईना, मग समोरच्या माणसाचं तोंड धुक्यात गेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच राहणार. घरी लेक आणि तिची दोन लहान मुलं, आणि कमावणारी काकू एकटीच. नोकरीची वर्षं पुरी व्हायला चौदा महिने बाकी. त्याआधी काढून टाकलं तर तीस वर्षं पाण्यात. "पोरींनी पाठ राखली म्हणून उभी आहे," ती म्हणाली. "तू टोक धरलंस म्हणून तुला सांगते. हे तुझ्यामाझ्यात."

मग पाणी घ्यायला तिने हात पुढे केला आणि तो मला लागला. बोटं माझ्या पकडीवरून फिरली.

"हे काय, तुझं यंत्र इथंच आहे होय? बंद आहे ना?"

मित्रांनो, माझा दिवा तिच्या हातापासून वीतभर अंतरावर लालबुंद जळत होता.

प्रश्नबाई म्हणाली, "हो, बंद आहे."

का म्हणाली? घाबरली म्हणून. खरं सांगितलं तर काकू परत बोलणार नाही म्हणून. आणि थोडंसं यासाठीही, की ऐकलं ते तिच्या आठ आठवड्यांतलं सोनं होतं. काकू हात धुवायला गेली तेव्हा तिने बटण दाबून मला खरोखर बंद केलं. त्या टेपवरचं शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं.

टेप आठ दिवसांत साहेबांच्या टेबलावर जायची होती. ती दिली तर काकूची नोकरी गेली. दिली नाही तर सही मोडली, आणि पुढच्या मुलांना धुलाईघराचं दार बंद. प्रश्नबाई सरांकडे गेली आणि म्हणाली, माझ्याकडे एक मुलाखत आहे, पण ती मी खोटं बोलून मिळवली आहे.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तयार होतो. पण ते म्हणाले, "मग मला ऐकवू नकोस. ती माझी नाही. तुझीही नाही. जिची आहे तिला विचार."

दुसऱ्या दिवशी ती टेबलाशी गेली. हातातली चादर तिने खाली ठेवली. "काकू, परवा हे यंत्र चालू होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही चालू होतं. मी खोटं बोलले."

काकूचे हात थांबले. इतक्या दिवसांत ते थांबलेले मी प्रथमच ऐकले. रेडिओमावशींनी तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. साहेबांच्या अटीचंही प्रश्नबाईने सांगून टाकलं. काकू म्हणाली, "ऐकव."

मी अठरा मिनिटं बोललो. मला माझ्या नेमकेपणाचा अभिमान वाटायचा, पण त्या दिवशी एखादा शब्द गिळता आला असता तर मी गिळला असता. काकू मान खाली घालून ऐकत होती. शेवटचं वाक्य आलं: हो, बंद आहे.

"एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे," काकू म्हणाली. प्रश्नबाईने मान खाली घातली. तिला रडू आलं होतं, पण रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला त्या दिवशी कळलं होतं.

"पुसता येतं हे?"

"येतं. त्याच्यावर दुसरं काहीतरी भरायचं. म्हणजे खालचं जातं."

"तुझ्या परीक्षेचं काय मग?"

"बघेन काहीतरी."

"बघ बाई. तुला तरी दिसतंय."

रेडिओमावशी फिस्सकन हसल्या आणि कोंडलेली वाफ थोडी मोकळी झाली.

प्रश्नबाईने टेप मागे नेली. "माझं खोटंही जाईल याच्यात," ती हळूच म्हणाली.

"ते तू लक्षात ठेव. यंत्राला कशाला ताप?" काकूने चादर उचलली. "लाव तुझं. लागलं का? सांग मला."

"लागलं, काकू. चालू आहे."

"मग टोक धर."

आणि मी अठरा मिनिटं फक्त चादरी ऐकल्या. फट्, मग कापडाची सळसळ, चार पावलं, परत फट्. मधेच गाठ सुटल्याचा बारीकसा आवाज. खालचे शब्द एकेक करून जात होते आणि ते जाताना मला स्वच्छ कळत होतं. मी जन्मभर लक्षात ठेवण्याच्या बढाया मारल्या. त्या दिवशी मी विसरण्याचं काम केलं, आणि तेही चोख केलं.

साहेबांनी टेप लावली. तीन मिनिटांनी त्यांनी विचारलं, "ही कसली फडफड?"

"आधी इथे बोलणं होतं, साहेब. ते खाजगी होतं, बोलणाऱ्यांनी परत घेतलं. आता चादरींच्या घड्या आहेत," प्रश्नबाई सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली.

साहेबांनी भुवई उचलली. आणखी मिनिटभर ऐकलं, जांभई दिली आणि टेप परत केली. "काम चालू असतं म्हणायचं," ते म्हणाले.

प्रश्नबाईने अहवाल लिहिला तो घड्यांवर. दोन अनोळखी माणसांचे हात एका तालावर कसे येतात, एवढंच त्यात होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला, माहिती अपुरी. वर्गात ती खालून तिसरी आली. निकालाच्या दिवशी ती माझ्या कपाटाला टेकून बराच वेळ उभी होती. पण परत वळली तेव्हा तिची पावलं घट्ट पडत होती, ते मी ऐकलं.

चौदा महिने गेले. एका सकाळी रेडिओमावशींचा हात धरून मोठी काकू विभागात आली. नोकरी पुरी झाली होती. तिने प्रश्नबाईला शोधून काढलं. "आता खुशाल सांग कुणालाही. फक्त डोळे गेलेली बाई दया म्हणून कामावर ठेवली होती, असं सांगू नकोस. दिवसाला चारशे घड्या घालत होते, ते सांग."

तर मित्रांनो, तिच्या परवानगीने सांगतो. चारशे.

पुढे काळ बदलला. खिशात मावणारी यंत्रं आली आणि माझ्यावर सही करणारं कुणी उरलं नाही. मधली काही वर्षं मी कपाटाच्या तळाशी जुन्या पेपरांखाली होतो. त्या वर्षांबद्दल तक्रार करत नाही. मला बाहेर काढलं ते प्रश्नबाईनेच. ती आता त्याच विभागात शिकवते. दर वर्षी नव्या मुलांना फील्डवर पाठवण्याआधी ती मला टेबलावर ठेवते आणि तीच टेप लावते. मुलं दोन मिनिटं नीट ऐकतात, मग चुळबूळ सुरू होते. एकजण म्हणतोच, "मॅडम, यात कुणी बोलतच नाहीये." मग ती सगळं सांगते. स्वतःचं खोटं वाक्यही सांगते, एक अक्षर न गाळता.

या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "काकूंनी तुम्हाला माफ केलं का?"

प्रश्नबाई म्हणाली, "माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी विचारलंही नाही. टोक धर म्हणाल्या, ते धरलं."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं तुमच्या घरी असतील तर त्यांचे सेल काढून ठेवा, नाहीतर ते आत फुटतात. धूळ पुसा, टाकून देऊ नका. एवढी काळजी घेतलीत तर आम्ही पुष्कळ टिकतो. पण आमच्यापेक्षा नाजूक असतं ते आमच्यात येणारं बोलणं. तुमच्या खिशातल्या यंत्रांना तर लाल दिवाही नसतो, आणि असला तरी तो समोरच्याला दिसतोच असं धरून चालू नका. तोंडाने सांगा: चालू आहे. समोरचा बंद कर म्हणाला तर बंद करा, आणि त्याच्या हातात जे काम असेल त्याचं एक टोक धरा.